स्किप्टन बघायला निघताय? बाजाराचा वार धरून निघा

लीड्समध्ये राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. ऑफिसात सगळे म्हणाले, स्किप्टनला घेऊन जा. छोटंसं बाजाराचं गाव, मधोमध किल्ला, शेजारून कालवा आणि पलीकडे यॉर्कशायर डेल्सचे डोंगर. मी एका मंगळवारची रजा टाकली आणि काहीही चौकशी न करता निघाले. गावात पोचलो तर बाजार नव्हताच, कारण मंगळवारी तो भरत नाही. मग अर्ध्या तासात किल्ला उरकला आणि दुपारी दोन वाजता हौसेने मॅलमची बस पकडली. परतीची बस कधी आहे ते पाहिलंच नव्हतं. आई-बाबा पावसात सव्वा तास उभे राहिले आणि बाबांच्या गुडघ्यांनी पुढचे चार दिवस आम्हाला त्याची आठवण करून दिली.

त्यानंतर मी स्किप्टनला दहा-बारा वेळा गेले आहे. सासू-सासरे, मैत्रिणी, भाचेमंडळी अशा सगळ्यांना नेलं. आता हे गाव मला मनापासून आवडतं. पहिल्या खेपेला मी जे चुकले ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. लीड्स, ब्रॅडफर्ड किंवा मँचेस्टरकडे नव्याने आलेले आणि आई-वडिलांना कुठे न्यायचं या विचारात असलेले लोक डोळ्यांसमोर आहेत.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

स्किप्टनचा बाजार आठवड्यातून चार दिवस भरतो: सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार. यांपैकीच एक वार निवडा. मंगळवारी, गुरुवारी किंवा रविवारी गेलात तर रस्ता दिसेल, दुकानं दिसतील, पण ज्यासाठी हे गाव आठशे वर्षं नांदतं आहे ते दिसणार नाही. १२०४ साली राजा जॉनने इथे बाजार भरवायची सनद दिली. गावाच्या नावाचा अर्थच मुळी ‘मेंढ्यांचं गाव’ असा आहे.

शनिवारी गर्दी जास्त असते. आई-वडील निवृत्त असतील आणि तुम्हाला रजा मिळत असेल तर बुधवार किंवा शुक्रवार उत्तम.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाव आणि डोंगर एकाच दिवसात कोंबू नका. नकाशावर मॅलम अवघं अकरा मैल दिसतं, म्हणून मोह होतो. पण गावाला एक पूर्ण दिवस द्या, बोल्टन ॲबीला दुसरा आणि मॅलमला तिसरा. तीन दिवस मिळत नसतील तर एकच करा, पण नीट करा.

२. गाडी आणि तिकीट

लीड्सहून स्किप्टनला थेट लोकल गाडी आहे आणि पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. ब्रॅडफर्डच्या फोर्स्टर स्क्वेअर स्टेशनवरूनही थेट गाड्या आहेत. मँचेस्टरकडून येणाऱ्यांनी लीड्सला गाडी बदलावी. वाटेत एक स्टेशन लागतं, त्याच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं वाचून आपण ‘केगली’ किंवा ‘कीघली’ म्हणतो, पण इथले लोक त्याला ‘कीथली’ म्हणतात. तिकीट काढताना किंवा रस्ता विचारताना हे माहीत असलं की समोरच्याला चटकन कळतं. तसंच मॅलमचं. लिहिताना त्यात ‘ह’ असतो, बोलताना नसतो.

सकाळच्या कामाच्या वेळेनंतरचं ऑफ-पीक परतीचं तिकीट काढा. ते स्वस्त पडतं आणि तुम्ही बाजारात दहाच्या सुमारास पोचता, तीच वेळ योग्य आहे.

रेलकार्डाचा, म्हणजे तिकिटावर सवलत देणाऱ्या कार्डाचा, हिशेब घरीच करा:

- दोघंच जाणार असाल तर ‘टू टुगेदर’ कार्ड. त्यावर दोघांचे फोटो असतात, दोघांनी सोबत प्रवास करावा लागतो आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही.
- मुलं सोबत असतील तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ कार्ड. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. सोबत किमान एक मूल हवंच.
- आई-वडील साठीच्या पुढचे असतील तर ‘सीनियर’ कार्ड. पासपोर्ट घेऊन स्टेशनच्या तिकीट खिडकीवर गेलं की काम सोपं होतं.

इथे बरेच जण फसतात ते बसच्या पासात. इथल्या ज्येष्ठ नागरिकांना बस फुकट असते, म्हणून आपल्या आई-वडिलांनाही असेल असं आपण गृहीत धरतो. तो पास इथल्या रहिवाशांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना तिकीट काढावंच लागतं. मात्र इंग्लंडमधल्या बहुतेक बसगाड्यांच्या एकेरी भाड्यावर सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. २०२५ च्या सुरुवातीपासून ती ३ पौंड आहे, त्यामुळे लांबचा प्रवासही परवडतो.

३. पिशवीत काय हवं

- तिकिटं आणि रेलकार्ड फोनवर, आणि फोन चार्ज करायला पॉवर बँक. फोन संपला की तिकीटही संपलं.
- कार्ड सगळीकडे चालतं, पण बाजारातल्या काही गाड्यांवर सुटे पैसे दिलेले बरे. दहा-पंधरा पौंड रोख ठेवा.
- टोपी असलेलं पावसाळी जाकीट, प्रत्येकाला एक. छत्री डोंगरात वाऱ्यापुढे टिकत नाही.
- पकड असलेले बूट. आईला साडीवर चप्पल घालू देऊ नका. किल्ल्यात दगडी पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि रस्त्यावर गोल घासलेली फरसबंदी आहे.
- आई-वडिलांची रोजची औषधं आणि प्रवास विम्याचा कागद. स्किप्टन गावात अपघात विभाग असलेलं रुग्णालय नाही. जवळचं मोठं रुग्णालय एअरडेल, तेही कीथलीच्या अलीकडे स्टीटन गावात आहे.
- मॅलमला जाणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २ हा नकाशा, कारण दरीत फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही.
- पाण्याची बाटली आणि डबा. डब्याचं कारण पुढे आठव्या मुद्द्यात येतं.

४. हाय स्ट्रीट: सकाळी दहा ते साडेअकरा

स्टेशनवरून गावात चालत दहा मिनिटं लागतात. हाय स्ट्रीट खालच्या अंगाला अरुंद आहे आणि वर चढत जाताना रुंद होत जाते. अगदी वरच्या टोकाला चर्च आणि त्याच्या मागे किल्ला. या रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या समोरच्या फरसबंदीवर बाजार मांडलेला असतो. चीज, पाव, भाजी, रोपं, लोकरीचे मोजे, भांडी, कापड. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखा गलका नाही, पण विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात ही गोष्ट तीच. माझ्या आईला इंग्रजी फारसं येत नाही, तरी तिने एका आजीबाईंकडून लोकर निवडताना रंगांवरून वीस मिनिटं गप्पा मारल्या.

विक्रेता तुमच्या आईला ‘लव्ह’ म्हणून हाक मारेल. यॉर्कशायरमध्ये ती आपल्या ‘ताई’, ‘बाळा’सारखी साधी आपुलकीची हाक आहे. बाबांना आधी सांगून ठेवा.

घासाघीस इथे चालत नाही. मात्र दुपारी तीननंतर गाड्या आवरायला लागतात तेव्हा फळांच्या, भाज्यांच्या पाट्या स्वस्त होतात. स्टेशनकडे परत जाताना घ्या, सकाळी ओझं करून फिरू नका.

आणखी एक करा. हाय स्ट्रीटवरून दोन्ही बाजूंना अरुंद बोळ फुटतात. त्यांना इथे ‘गिनल’ म्हणतात. बहुतेक लोक त्यांच्याकडे न बघता पुढे जातात. एखाद्या बोळात शिरा. आत छोटे चौक, कारागिरांची दुकानं, चहाची ठिकाणं सापडतात आणि काही बोळ थेट कालव्यावर निघतात.

५. किल्ला: रायगड मनात ठेवून जाऊ नका

आपल्या डोक्यात किल्ला म्हटलं की डोंगर असतो. इथे किल्ला रस्त्याच्या टोकाला आहे, म्हणजे आपल्या भाषेत भुईकोट. पण मागच्या बाजूला गेलात की कळतं, तो एका खोल कड्याच्या काठावर बांधला आहे आणि खाली ओढा वाहतो. समोरून सपाट, मागून अभेद्य.

आधी तिकिटाचा गैरसमज दूर करते. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे नॅशनल ट्रस्ट किंवा इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थांचं सभासदत्व असतं. हा किल्ला खासगी मालकीचा आहे, त्यामुळे ते कार्ड इथे चालत नाही. तिकीट काढावंच लागतं. काढा, पैसे वसूल होतात. इंग्लंडमधले बरेच मध्ययुगीन किल्ले छप्पर उडालेले, नुसत्या भिंती उरलेले आहेत. हा संपूर्ण आहे, छपरासकट.

दीड तास तरी ठेवा. प्रवेशद्वाराला दोन जाडजूड बुरूज आहेत आणि त्यांच्या वर दगडात कोरलेला एक फ्रेंच शब्द आहे: ‘देझोर्मे’. अर्थ, ‘यापुढे’. हे क्लिफर्ड घराण्याचं ब्रीद. १०९० च्या सुमारास रॉबर्ट द रोमिय या नॉर्मन सरदाराने इथे पहिला किल्ला उभारला आणि १३१० मध्ये तो क्लिफर्डांकडे आला. पहिला रॉबर्ट क्लिफर्ड चारच वर्षांनी, १३१४ मध्ये, स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्नच्या लढाईत मारला गेला.

आत गेल्यावर कॉन्ड्युइट कोर्ट नावाचा चौक लागतो. मधोमध एक यू जातीचं जुनं झाड आहे. थोडा वेळ त्याच्याखालच्या ओट्यावर बसा आणि लेडी ॲन क्लिफर्डची गोष्ट सोबतच्यांना सांगा, कारण ती माहीत असल्याशिवाय हा किल्ला म्हणजे नुसत्या रिकाम्या खोल्या.

ॲन याच किल्ल्यात १५९० मध्ये जन्मली. वडिलांची एकुलती जिवंत राहिलेली मुलगी. १६०५ मध्ये वडील वारले तेव्हा त्यांनी जहागीर मुलीऐवजी आपल्या भावाला दिली. ॲन तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती भांडली. नवऱ्याने समजावलं, खुद्द राजाने दबाव आणला, तरी तिने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली नाही. अखेर १६४३ मध्ये त्या काकाचा मुलगा, म्हणजे तिचा चुलतभाऊ, पुरुष वारस न ठेवता गेला आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी सगळं तिच्याकडे आलं. तोवर राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलं होतं. हा किल्ला राजाच्या बाजूने तीन वर्षं वेढ्यात झुंजला आणि डिसेंबर १६४५ मध्ये शरण आला. उत्तरेत राजाच्या बाजूने अगदी शेवटपर्यंत टिकलेल्या किल्ल्यांपैकी हा एक. तोफांचे गोळे बोथट व्हावेत म्हणून भिंतींवर मेंढ्यांची कातडी टांगली होती असं सांगतात. पुढे संसदेच्या लोकांनी छप्पर उतरवून तो निकामी केला. ॲन साठीच्या उंबरठ्यावर आली होती. तिने तो पुन्हा बांधला. परवानगी मिळाली ती एका अटीवर: छपरावर तोफा चढवता येणार नाहीत इतपतच ते भक्कम असावं. काम झाल्यावर १६५९ मध्ये तिने हे झाड लावलं असं मानतात.

माझ्या आईच्या आईला तिच्या वडिलांच्या शेतात वाटा मिळाला नव्हता. ही गोष्ट ऐकल्यावर आई त्या झाडाखालून लवकर उठली नाही.

आता ॲनच्या वडिलांबद्दल. जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलंडचा तिसरा अर्ल. राणी एलिझाबेथने ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला जी सनद दिली, तिच्यात पहिलंच नाव याचं आहे: कंबरलंडचा अर्ल जॉर्ज आणि इतर २१५ जण. त्याचं ‘मॅलिस स्कर्ज’ नावाचं जहाज कंपनीने विकत घेतलं, त्याचं नाव ‘रेड ड्रॅगन’ ठेवलं आणि १६०१ मध्ये कंपनीच्या पहिल्या सफरीत तेच आघाडीला होतं. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीला पोर्तुगीजांशी जी लढाई झाली तीही याच जहाजाने लढली आणि त्यानंतर इंग्रजांना सुरतेत वखार घालता आली. १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रज ज्या वखारीत दार लावून बसले, तिचं मूळ असं इथपर्यंत येतं. बाबांना हे कळल्यावर ते किल्ल्यातून परत फिरून पुन्हा सगळं नव्याने बघायला गेले.

इशारा: किल्ल्यात गोल जिने आहेत, उंबरे उंच आहेत, व्हीलचेअर बहुतेक भागात जात नाही. गुडघे दुखणाऱ्यांना चौक, दिवाणखाना आणि जुनं स्वयंपाकघर दाखवा. अंधारकोठडीत उतरायला लावू नका. पूर्वेकडचा भाग राहता आहे, तिथे जाता येत नाही.

६. चर्च आणि संग्रहालय

किल्ल्यातून बाहेर पडलात की शेजारीच होली ट्रिनिटी चर्च. प्रवेश फुकट. वेदीजवळ ढालींनी मढवलेली एक मोठी कबर आहे, ती याच जॉर्ज क्लिफर्डची. पंधरा मिनिटं पुरतात.

हाय स्ट्रीटवरच्या टाउन हॉलमध्ये क्रेवन म्युझियम आहे, तेही फुकट. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ साली छापलेला पहिला एकत्रित संग्रह इथे काचेआड ठेवला आहे. एवढ्या लहान गावात ही वस्तू असेल असं वाटत नाही. पाऊस आला तर इथेच शिरा. उघडे वार मात्र आधी बघून घ्या.

७. कालवा, आणि एक पुतळा जो बाबांना दाखवायलाच हवा

लीड्स-लिव्हरपूल कालवा १२७ मैलांचा आहे. पूर्ण व्हायला १८१६ उजाडलं, पण त्याचा स्किप्टन ते बिंगली हा तुकडा १७७३ मध्येच सुरू झाला होता. गावातल्या धक्क्यावरून अर्ध्या तासाची बोटीची फेरी मिळते. मुलं सोबत असतील तर घ्याच. नसतील तर मी चालणं सुचवेन.

चालायचं ते स्प्रिंग्ज ब्रँच नावाच्या छोट्या फाट्याच्या काठाने. तो किल्ल्याच्या पाठीमागे जातो. किल्ल्याच्या मालकाने खाणीतला चुनखडीचा दगड बोटींत भरण्यासाठी तो खोदून घेतला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोक्यावर उभा कडा आणि त्यावर किल्ला. हाय स्ट्रीटवरून जो किल्ला साधा वाटला, त्याचं खरं रूप इथून दिसतं. पुढे वाट किल्ल्याच्या रानात शिरते. एप्रिलअखेर ते मे या काळात झाडांखाली निळ्या ब्लूबेलचा गालिचा असतो.

आता पुतळा. धक्क्याजवळ चेंडू टाकण्याच्या आवेशातला एक धिप्पाड गोलंदाज ब्राँझमध्ये उभा आहे: फ्रेड ट्रूमन. कसोटीत ३०० बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज, एकूण ३०७. तो उत्तरायुष्यात स्किप्टनजवळ राहत होता, २००६ मध्ये गेला आणि बोल्टन ॲबीला त्याला पुरलं.

जून १९५२, लीड्सचं हेडिंग्ले मैदान, ट्रूमनची पहिली कसोटी, समोर विजय हजारेंचा भारतीय संघ. पहिल्या डावात विजय मांजरेकरांनी १३३ आणि हजारेंनी ८९ धावा केल्या, दोघांची भागीदारी २२२ ची. दुसऱ्या डावात मात्र धावफलकावर शून्य धावा आणि चार बळी. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघेही शून्यावर. त्यांतले तीन ट्रूमनचे. मग हजारे आणि दत्तू फडकर उभे राहिले, दोघांनी अर्धशतकं केली आणि डाव १६५ पर्यंत पोचला. माझ्या आजोबांनी ही गोष्ट बाबांना सांगितली होती आणि बाबांनी मला. ज्याच्यापुढे आपली मराठी माणसं कोसळली आणि नंतर सावरलीही, त्याच्या पुतळ्यापाशी बाबा बराच वेळ उभे होते. तुमच्या घरात जुन्या क्रिकेटचं वेड असलेलं कोणी असेल तर हा थांबा चुकवू नका.

८. जेवण: विचारल्याशिवाय तोंडात घालू नका

हा मुद्दा मी ठळक करून सांगते. यॉर्कशायरमधल्या कित्येक फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत तळण गाईच्या चरबीत होतं. ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात तिला. म्हणजे नुसते बटाट्याचे चिप्स घेतले तरी ते शाकाहारी नसतात आणि गोमांस न खाणाऱ्यांनाही चालत नाहीत. मी पहिल्या वर्षी हे न विचारता सगळ्यांना खायला घातलं होतं आणि कळल्यावर आईचा चेहरा बघवला नाही. काउंटरवर सरळ विचारा, तळायला काय वापरता? वनस्पती तेल वापरणारी दुकानंही असतात आणि लोक न रागावता सांगतात.

तसंच यॉर्कशायर पुडिंगचं (नावात पुडिंग असलं तरी ते गोड नसतं) आणि सुपांचं, तिथेही विचारा. चीजमध्येही वासराच्या जठरातलं रेनेट असू शकतं, म्हणून वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण बघा. बाजारातल्या चीजवाल्याला विचारलंत तर तो वेगळं काढून दाखवतो.

त्यातल्या त्यात सोपे पर्याय: चीज-कांद्याची पेस्ट्री (शाकाहारी आहे का ते विचारून), जॅकेट पोटॅटो, जॅम लावलेले स्कोन (अंडं चालत असेल तर). आम्ही आता दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन जातो आणि कालव्याकाठच्या बाकावर बसून खातो. बदकं जवळ येतात, त्यांना चटणी लागलेला तुकडा देऊ नका.

९. दुसरा दिवस: बोल्टन ॲबी

स्किप्टनच्या पूर्वेला, वॉर्फ नदीच्या वळणावर. ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी ११५४ मध्ये इथे मठ बांधला. आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा १५३९ मध्ये हाही गेला, पण गावकरी मठाच्या पुढच्या भागात प्रार्थनेला जमत असत म्हणून तेवढा वाचला. आजही अर्धं चर्च चालू आहे आणि अर्ध्यावर आभाळ आहे.

मोटारीने गेलात तर जागेचं भाडं गाडीमागे असतं. ही डेव्हनशायरच्या ड्यूकची खासगी जमीन आहे, म्हणजे इथेही नॅशनल ट्रस्टचं कार्ड चालत नाही. सुट्टीच्या दिवशी आधी नोंदणी करा. भारतातल्या परवान्यावर गाडी चालवता येते, व्हिजिटर असाल तर बारा महिन्यांपर्यंत, पण विमा तुमच्या नावाने असल्याची खात्री करा.

आम्हाला सर्वांत आवडलेला मार्ग म्हणजे स्किप्टनजवळच्या एम्बसे गावातून वाफेच्या इंजिनाची गाडी. १९६५ मध्ये बंद पडलेल्या मार्गाचा चारेक मैलांचा तुकडा स्वयंसेवकांनी पुन्हा चालू केला आहे. ती रोज धावत नाही, वेळापत्रक बघून निघा. शिवाय बोल्टन ॲबी स्टेशनपासून मठ दीड मैल लांब आहे, हे स्टेशनवर उतरल्यावर कळलं तर ज्येष्ठांची पंचाईत होते.

मठाच्या पायथ्याशी नदीत एका ओळीत दगड मांडलेले आहेत. त्यांवरून पलीकडे जाता येतं. पाणी चढलेलं असेल तर शेजारच्या पुलावरून जा.

आणि आता कृपा करून हे नीट वाचा. वरच्या अंगाला ‘स्ट्रिड’ नावाची जागा आहे. तिथे रुंद नदी खडकांच्या फटीत शिरते आणि काही ठिकाणी इतकी अरुंद होते की उडी मारून पलीकडे जाता येईल असं वाटतं. खडक शेवाळलेले आहेत, खाली पाणी खोल आहे आणि आतून खडक पोखरलेला आहे. इथे माणसं मेली आहेत. फोटोसाठी कडेला जाऊ नका, मुलांचा हात क्षणभरही सोडू नका.

१०. तिसरा दिवस: मॅलम

परतीच्या बसची वेळ आधी लिहून घ्या, मग जायची बस शोधा. फेऱ्या मोजक्याच आहेत आणि वार व ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा टाळाच.

मॅलम कोव्ह हा चुनखडीचा ८० मीटरच्या आसपास उंच, अर्धगोल कडा. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी यावरून कोसळत होतं. आता तो कोरडा असतो. पाणी वरच जमिनीत मुरतं. डिसेंबर २०१५ मध्ये डेझमंड वादळाच्या पावसात काही तासांपुरता इथे पुन्हा धबधबा पडला. कड्याच्या तळातून एक ओढा बाहेर येतो. साहजिकच वाटतं की वर मॅलम टार्न तलावाजवळ गडप होणारं पाणी तेच. पण ते पाणी गावाच्या खाली दुसऱ्याच झऱ्यातून निघतं. हे सगळे प्रवाह मिळून एअर नदी होते, जी लीड्सच्या मधून वाहते. आमच्या घराजवळचा पूल जिच्यावर आहे तीच ही.

आई-वडिलांसाठी: गावातून कड्याच्या पायथ्यापर्यंतची वाट सपाट आणि सोपी आहे. तिथूनच परत फिरा. वर जायला सुमारे ४०० पायऱ्या आहेत आणि माथ्यावरच्या चुनखडीच्या लादीत खोल भेगा आहेत. ओल्या झाल्या की पाय निसटतो आणि अडकतो.

पायांत बळ असेल त्यांनी जॅनेट्स फॉस धबधबा, गॉर्डेल स्कारची घळ आणि कोव्ह असा गोल फेरा करावा. मे महिन्यात जॅनेट्स फॉसच्या वाटेवर रानलसणीचा घमघमाट असतो. गॉर्डेलच्या घळीत खालून बघा, धबधब्याच्या बाजूने चढून वर जाऊ नका.

फाटक जसं सापडलं तसंच ठेवा: उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. रचलेल्या दगडी कुंपणांवर चढू नका, ती चुन्याशिवाय नुसती रचलेली असतात. मेंढ्यांची पिल्लं जवळ घ्यायला मुलं धावतात, आवरा. कोणाला दुखापत झाली तर ९९९ लावून आधी पोलीस मागा आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवी आहे असं सांगा.

११. चालणं जमत नसेल तर

ज्यांना चालणं जमतच नाही त्यांच्यासाठी स्किप्टनहूनच कार्लाइलच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत बसून रिबलहेडपर्यंत जा. सेटल-कार्लाइल हा मार्ग १८७६ पासून प्रवाशांसाठी सुरू आहे. ऐंशीच्या दशकात तो बंद करायचं ठरलं होतं, लोकांनी लढून १९८९ मध्ये वाचवला. रिबलहेडचा पूल २४ कमानींचा, ४०० मीटर लांब. पण एक लक्षात ठेवा: गाडीत बसून पूल दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच असता. स्टेशनवर उतरा, थोडं चालून बाजूने बघा. पुढची गाडी बऱ्याच वेळाने असते, म्हणून उतरण्याआधी परतीची वेळ बघा, गरम कपडे अंगात ठेवा आणि चहाचा थर्मास जवळ असू द्या.